जरा हात लावा

दुसऱ्याचं ओझं पाहून ज्याचा हात जागचा हलत नाही, असा माणूस मी रोज दाढी करताना आरशात पाहतो. पण ओझं दिसलं की ज्याला उभंच राहवत नाही, असा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच, आमचे टेंभुर्णीचे साडू. आमच्याकडे शेतातून भारा किंवा सोयाबीनचा कट्टा डोक्यावर घ्यायचा झाला की माणूस एकट्यानं घेत नाही. वाटेनं जाणाऱ्या कुणालाही ‘जरा हात लावा’ म्हणायचं आणि त्यानंही काम टाकून हात लावायचा, ही रीत. बांधावरून बोलणं बंद असलं तरी माणूस तोंड फिरवून का होईना, हात लावतोच. साडूंनी ही रीत जरा जास्तच मनावर घेतली. हमाल, सिलिंडरवाला, बँडमधला ढोलवाला, त्यांच्या मदतीतून कुणी सुटत नाही. एकदा पाहुण्यांना गाडीत बसवायला आम्ही बदनापूर स्टेशनवर गेलो होतो. पाहुण्यांजवळ एक हलकी पिशवी, त्यामुळे साडूंचा चेहरा पडलेला. तेवढ्यात पलीकडच्या डब्यात एक म्हातारी पत्र्याची पेटी चढवताना दिसली. साडू पेटीसकट आत गेले आणि गाडी सुटली. संध्याकाळी जालन्याहून ते पोटभर जेवून परत आले, कारण म्हातारीनं भाकरी-ठेचा खाऊ घातला होता. मी रागावलो, तर म्हणाले, “पेटी चढवली तं उतरवायला बी कुणी पाहिजेच ना, सर.”

पुतणीच्या लग्नात तर त्यांनी कमालच केली. हार घालायच्या वेळी नवरदेवाच्या दोस्तांनी त्याला वर उचललं, म्हणजे नवरीचा हात पोचू नये. नवरदेव चांगला भरलेला, दोस्त काडीपैलवान. त्यांचे पाय लटपटताना पाहून साडू पुढे झाले आणि नवरदेवाला आणखी हातभर वर नेलं. नवरी खालून काकांकडे बघतच राहिली. आपण मुलीकडचे आहोत, याची आठवण त्यांच्या बायकोनं करून दिली तेव्हा ते म्हणाले की वजनाला काय, मुलीकडचं आणि मुलाकडचं सारखंच.

अशा माणसाच्या पोटी देवानं वेटलिफ्टिंग करणारी लेक घातली. आणि या खेळाचा नियम असा की उचलणारीशिवाय दुसऱ्या कुणी वजनाच्या बारला बोटसुद्धा लावायचं नाही. मला विचाराल तर ती या खेळात आली तीच वडिलांमुळे. घरात कशालाही हात घातला की आबा हजर. म्हणून ती आबांची पाठ वळली की एकटीच कट्टे उचलायची, आणि हे शाळेच्या क्रीडाशिक्षकांच्या नजरेला पडलं. जालन्याच्या पहिल्या मोठ्या स्पर्धेला साडू नवा सदरा घालून पुढच्या रांगेत बसले. लेकीनं बार खांद्यापर्यंत आणला, आता डोक्यावर न्यायचा, तोच तिचे गुडघे थरथरले. मी साडूंचा सदरा धरेपर्यंत ते वर पोचले होते आणि बारचं एक टोक त्यांच्या हातात होतं. पंचांनी लेकीची उचल बाद केली. परतीच्या बसमध्ये पोरगी खिडकीबाहेर बघत म्हणाली, “आबा, यापुढं माझ्या स्पर्धेला तुम्ही येऊ नका.”

साडूंनी ते अक्षरशः पाळलं. दर स्पर्धेला ते तिची बॅग घेऊन हॉलच्या दारापर्यंत जायचे आणि दाराकडे पाठ करून बाहेर बसायचे. पोरगी राज्यात, मग देशात जिंकली, तरी बापानं तिला एकदाही उचलताना पाहिलं नाही. मला याचं फार वाईट वाटायचं.

मग ती परदेशात, अनेक देशांच्या अनेक खेळांच्या त्या मोठ्या स्पर्धेला गेली. टीव्हीवर दिसणार होती आणि टीव्हीवर बघायला तिची मनाई नव्हती. टेंभुर्णीत साडूंच्या घरी पाय ठेवायला जागा उरली नाही. साडू सगळ्यांत पुढे, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेले. स्नॅचमध्ये, म्हणजे बार एका दमात डोक्यावर न्यायच्या प्रकारात, ती छान उचलून गेली. क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर न्यायच्या प्रकारात, पहिल्यांदा बार सुटला, दुसऱ्यांदाही सुटला. तीनांतली आता एकच संधी उरली, ती चुकली तर रिकाम्या हातानं परत. साडू मला हळूच म्हणाले, “सर, माझा ह्यो हात धरा. घट्ट धरा.” दुसरा हात त्यांच्या बायकोनं धरला.

पोरीनं बार खांद्यावर घेतला आणि गुडघे थरथरले, अगदी जालन्यासारखेच. त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. तिकडे बार डोक्यावर गेला आणि इकडे साडूंचे दोन्ही हातही डोक्यावर गेले, एकाला मी लटकलेला, एकाला मेहुणी. उचल मान्य झाल्याचे पंचांचे तिन्ही पांढरे दिवे लागेपर्यंत त्यांनी आम्हाला खाली ठेवलं नाही. कांस्यपदक मिळालं. घर डोक्यावर घेतलं लोकांनी. साडू मात्र मटकन बसले आणि रडायला लागले. “एकलीनं उचललं वो सर,” ते म्हणाले, “एवढ्या दूर. कुणीच हात लावला न्हाई तिला.” अभिमान आणि कीव एकाच डोळ्यातून वाहताना मी तेव्हाच पाहिली, आणि मीही रडलो.

ती आली त्या दिवशी गावात हलगी, गुलाल, सत्कार, सगळं झालं. ती जीपमधून उतरली तेव्हा साडू तिच्यापासून चार हात लांब, हात पाठीमागे बांधून उभे. तिनं बॅग खाली ठेवली, गळ्यातलं पदक सावरलं आणि म्हणाली, “आबा, जरा हात लावा.”

साडू जागचे हलले नाहीत. त्यांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. “पंच न्हाईत ना कुठं?”

“न्हाईत, आबा.”

मग बॅगेचा एक बंद तिनं धरला, एक त्यांनी, आणि ती दोघं गर्दीतून घराकडे गेली. बॅग मी नंतर उचलून पाहिली. दोन कपडे आणि एक टॉवेल होता.