फरजाना मॅडमचा लोखंडी जिना

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाई वाढलेलं ताट तसंच ठेवून उठल्या, तेव्हा मला वाटलं त्यांना गरगरतंय की काय. लातूरच्या रिंग रोडवरचं मंगल कार्यालय, एका बिल्डरच्या मुलीचं लग्न, उन्हाळ्याचे दिवस. मी मागोमाग गेलो. बाई भिंतीवरच्या हिरव्या बाणांमागे चालल्या होत्या. प्रत्येक बाणाखाली ‘बाहेर’ असं लिहिलेलं. बाण भटारखान्याजवळून वळले, एका बोळात शिरले आणि एका दाराशी संपले. बाईंनी दार उघडलं तर आत गाद्या आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या थप्प्या छतापर्यंत लागलेल्या.

“बघा,” त्या मला म्हणाल्या. “बाण बाहेर म्हणायलाय, आणि नेतोय गोदामात.”

मग परत येऊन त्यांनी शांतपणे जेवण संपवलं, हात धुतले आणि कार्यालयाच्या मालकाला गाठलं. मालक हसत हसत त्यांना मठ्ठा घ्यायचा आग्रह करत राहिला. फरजाना मॅडमची आणि माझी ओळख ही अशी झाली.

मी निलंग्याचा. लातुरात इमारतींच्या स्लॅब-कॉलमचे हिशेब करून देण्याचं काम करतो. मॅडम इमारतीतल्या आगीपासूनच्या बचावाचं काम पाहायच्या. म्हणजे दवाखाना, लॉज, दुकानांचं कॉम्प्लेक्स, क्लासची इमारत यांना कोणते नियम लागू होतात, जिने किती हवेत, दारं किती रुंद हवीत, हे नकाशावर बघून सांगायचं. जागेवर जाऊन तपासायचं. आणि सगळं नीट असेल तर तसं प्रमाणपत्र द्यायचं. त्यासाठीचा परवाना त्यांच्याकडे होता. पुढे आम्ही दोघांनी मिळून एक ऑफिस भाड्याने घेतलं. मध्ये एक प्लायवूडचं पार्टिशन. पलीकडून त्यांचा आवाज दिवसभर ऐकू यायचा.

त्यांचं घराणं गंजगोलाईतलं, जुनं. वडिलांचं कापडाचं दुकान होतं. इंजिनिअरिंग त्यांनी नांदेडला केलं. लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल कुणी विचारलेलं त्यांना चालायचं नाही. लोकांना वाटायचं, या बाईच्या घरात कधी तरी आग लागून कुणी गेलं असणार, त्याशिवाय एवढा ध्यास कसा लागेल. एका पत्रकाराने तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, “न्हाई हो. मला नियम वाचायला आवडतं, बस.” पत्रकाराची निराशा झाली. बातमी छापून आली नाही.

त्या तापट होत्या, थोड्या अहंकारीही. चुकीचा नकाशा घेऊन आलेल्या माणसाला उभ्याउभ्याच वाटेला लावायच्या. पण ज्याला समजून घ्यायचं आहे त्याच्यासाठी तासभर बसायच्या. दार बाहेरच्या बाजूला का उघडलं पाहिजे हे एका लॉजवाल्याला समजावताना मी ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, “घाबरलेला माणूस दार वढत न्हाई भई, ढकलतो. त्याच्या मागं धा जण असतेत. ते बी ढकलतेत. मग वढायला जागा कुठं राहती?” लॉजवाल्याने आठवड्यात सगळी दारं फिरवून घेतली. असे विजय त्यांच्या वाट्याला फार आले नाहीत. बहुतेक लोक त्यांचं ऐकायचे, चहा पाजायचे आणि प्रमाणपत्र दुसऱ्या गावच्या एखाद्याकडून, जागा न दाखवताच, मिळवायचे.

नियमाचा अर्थ लावणं हेच त्यांचं खरं काम. नियम एका ओळीचा असतो आणि इमारत चार मजल्यांची. त्या ओळीतून निसटायला जो तो बोळ शोधत असतो. आमच्या ऑफिसपासून जवळच एक कॉम्प्लेक्स होतं. खाली मोबाइलची आणि पुस्तकांची दुकानं, वर डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचे क्लास, आणि अगदी वर गच्चीवर पत्रे टाकून केलेली मुलींची अभ्यासिका. सगळ्याला मिळून जिना एकच. मालकाचं म्हणणं, इमारतीची उंची पंधरा मीटरच्या आत आहे, म्हणून कडक नियम लागू होत नाहीत. पत्र्याचं शेड म्हणजे काही मजला नव्हे, ते उंचीत धरायचं नाही. आणि मंजूर नकाशावर वरच्या मजल्यांवर ‘कार्यालय’ लिहिलंय, ‘शिक्षण’ नाही. म्हणजे दुसऱ्या जिन्याचा प्रश्नच येत नाही.

महापालिकेचा इंजिनिअर, मालक, मॅडम आणि मी असे चौघे त्या अभ्यासिकेत उभे होतो. मालक प्रत्येक मुद्द्याला नकाशावर बोट ठेवत होता. खोटं तो काहीच बोलत नव्हता. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “कार्यालय ना? मग हे बसलेले कारकून आहेत का?” समोर दाटीवाटीने मुली बसल्या होत्या, पुस्तकात डोकं घालून. मग मॅडमनी मालकाला विनंती केली की सगळ्या वर्गांना एकदम सोडा, अभ्यासिकेलाही, आणि आपण खाली उभं राहून बघू.

मालकाने सोडलं. त्याला वाटलं, दोन मिनिटांचं काम. पहिल्या वळणावरच गर्दी अडकली. वरून येणाऱ्या मुली मागच्यांच्या रेट्याने पुढच्यांवर लोटल्या, कुणाची चप्पल निसटली, एक जण कठड्याला धरून रडायला लागली. आग नव्हती, धूर नव्हता, लाइट चालू होती. शेवटची मुलगी रस्त्यावर येईपर्यंत मालकाचा सदरा पाठीला चिकटला होता. इंजिनिअरने फाइलवर दुसऱ्या जिन्याची अट लिहिली. मॅडम त्या रडणाऱ्या मुलीला पाणी पाजत होत्या.

इमारतीच्या मागच्या बाजूने लोखंडी जिना झाला. चांगला रुंद, दणकट, थेट मागच्या रस्त्यावर उतरणारा. त्याचं वेल्डिंग मी तपासलं. मॅडम प्रत्येक मजल्याच्या दारातून त्यावर येऊन उतरल्या. अभ्यासिकेतल्या मुलींना गोळा करून त्यांनी बजावलं की काही झालं तर पुढच्या जिन्याकडे धावायचं नाही, या दाराकडे यायचं. मग प्रमाणपत्रावर सही केली. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी ऑफिसात सगळ्यांना जिलबी खाऊ घातली. त्यांना इतकं खूश मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

दोन-तीन महिन्यांनी सहज गेल्या तर वरच्या दाराला कुलूप. मालक म्हणाला, मी नाही लावलं, पालकांनी लावायला लावलं. मुली मागच्या जिन्याने न सांगता खाली जातात, टपरीवर थांबतात, कुणाकुणाशी बोलतात, अशा तक्रारी आल्या होत्या. मॅडमनी हट्टाने पालकांच्या बैठकीत वेळ मागून घेतला. मीही बरोबर होतो. जिंतूर, देगलूर, अहमदपूर, कुठून कुठून आलेली माणसं सतरंजीवर बसलेली. मॅडमनी सांगितलं की कुलपाऐवजी दाराला आडवी पट्टी बसवता येते. आतून ढकलली की दार उघडतं आणि मोठ्याने घंटा वाजते. मुलगी बाहेर गेली तर सगळ्यांना कळेल, आणि आग लागली तर अडणार नाही.

तेव्हा किनवटकडचे एक शेतकरी उठले. माधवराव त्यांचं नाव. त्यांची वैशाली तिथे शिकत होती. आवाज अजिबात न चढवता ते म्हणाले, “मॅडम, आग कवा लागंल, लागंल का न्हाई, कुणाला ठाव? पण पोरगी त्या जिन्यानं खाली उतरली तर काय व्हईल, ते मला आत्ताच दिसायलंय. लई लांब सोडलंय तिला. कुलूप असू द्या.”

बाकीच्यांनी माना हलवल्या. खरं तर तो माणूसही आपल्या परीने आगीचाच विचार करत होता, फक्त वेगळ्या. बैठकीनंतर मालकाने शब्द दिला की आठवडाभरात ती पट्टी पुण्याहून मागवतो, तोवर किल्ली वॉचमनकडे राहील. मॅडमनी महापालिकेच्या इंजिनिअरला फोनवर हे सांगितलं. तो हो म्हणाला. मॅडमनी लिहून काही दिलं नाही. मालकाने जिना बांधला होता, तेवढ्यावरून त्यांचा त्याच्यावर विश्वास बसला होता.

पट्टी आली नाही. मॅडम विचारत राहिल्या, मालक पुढच्या आठवड्याचं सांगत राहिला.

आग दुपारी लागली. पुढच्या जिन्याखाली इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या ठेवल्या होत्या, तिथून. ज्वाळा फार नव्हत्या, पण जिना चिमणीसारखा धूर वर ओढत होता. खालच्या मजल्यांवरचे कसेबसे निसटले. अभ्यासिकेतल्या मुली पुढच्या जिन्याकडे गेल्याच नाहीत. त्यांना शिकवलं होतं तशा त्या मागच्या दाराकडे आल्या. दाराला कुलूप होतं. किल्ली वॉचमनच्या खिशात होती आणि वॉचमन मागच्या टपरीवर चहा पीत होता. तो धावत लोखंडी जिन्यावरून वर आला आणि त्याने कुलूप उघडलं. मग दार उघडेना. ते बाहेरच्या बाजूलाच उघडणारं होतं, पण पत्र्याच्या उष्णतेने चौकटीत आवळून बसलं होतं. शेजारच्या वर्कशॉपमधल्या पोरांनी पहारीने ते उचकटलं. बहुतेक मुली वाचल्या. दोघी वाचल्या नाहीत. त्यातली एक वैशाली.

मी आणि मॅडम धावत पोचलो तेव्हा मुलींना खाली उतरवत होते. त्याच जिन्यावरून. मॅडम रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि वर बघत राहिल्या.

चौकशी झाली. कागदावर नाव कुणाचं होतं? मॅडमचं. बाहेर पडण्याची वाट सुरक्षित आहे, असं सही करून सांगणारी व्यक्ती त्या एकट्याच. ज्या इमारतींना जागा न बघता प्रमाणपत्रं मिळाली होती, त्या तशाच उभ्या होत्या. ज्या बाईने जिना बांधून घेतला, ती आरोपी झाली. मालकासोबत त्यांनाही अटक झाली. इंजिनिअरने जबाबात सांगितलं की कुलपाबद्दल आपल्याला काही कळवलं गेलं नव्हतं. मॅडमनी त्याला खोटं पाडायचा प्रयत्नही केला नाही. मला म्हणाल्या, “बिराजदार, माझाच जिम्मा होता. लिहून द्यायला पायजे होतं.” जामीन झाला, परवाना गेला. पार्टिशनच्या पलीकडची खोली रिकामी झाली आणि त्या बहिणीकडे नांदेडला राहायला गेल्या.

मालक वर्षाच्या आत पुन्हा उभा राहिला. इमारतीला नवा रंग, क्लासला नवं नाव. पत्रे काढून वर पक्का स्लॅब टाकला, तोही कुठल्या तरी नियमात बसवून. पावसाळ्यानंतर तिथली अभ्यासिका पुन्हा भरली. मुलींना जागा मिळत नव्हती, यादी लागत होती.

मी नांदेडला गेलो की मॅडमना भेटायचो. त्या बारीक होत चालल्या होत्या. एकदा मी बसलेलो असताना माधवराव आले. मला वाटलं, आता भांडण होणार. पण ते भांडायला आले नव्हते. बहिणीने दिलेलं पाणी प्यायले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले की घरात कुणी त्यांना काही बोलत नाही, बायकोसुद्धा नाही, पण त्यांना झोप येत नाही.

“तुम्ही कायदा जाणता,” ते म्हणाले. “कुलूप लावा म्हणणारा बी गुन्हेगार असतो का? असंल तर सांगा. मी जातो पोलिसात.”

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांच्या ओळखीतला कोणीही पैजेवर सांगू शकला असता की त्या नियमाबाबत कुणाचं मन राखत नाहीत.

“न्हाई, माधवराव,” त्या म्हणाल्या. “वाट उघडी ठेवायची जबाबदारी मालकाची असती. आणि बघणाऱ्याची. बापाचं नाव कुठंच न्हाई त्यात.”

“नक्की?”

“मी सगळं वाचलंय.”

ते गेल्यावर मी विचारलं, खरंच तसं आहे का. मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या की शब्द तसेच आहेत, पण त्यांचा अर्थ एखादा वकील दुसराही काढू शकेल. मग म्हणाल्या, “त्याला झोप तरी येऊ द्या.” मला वाटत नाही माधवरावांना ती आली असेल.

मॅडम त्यानंतरच्या हिवाळ्यात गेल्या. काविळीचं निमित्त झालं. माहूरच्या वाटेवरच्या एका गावात मी साइटवर होतो, मातीला पोचू शकलो नाही. खटला अजून साक्षीपुराव्यापर्यंतही आला नव्हता. पुढच्या तारखेला त्यांच्या वकिलांनी मृत्यूचा दाखला सादर केला. न्यायाधीशांनी तो पाहिला, आणि आरोपी मयत झाल्याने तिच्यापुरता खटला संपल्याचं दोन ओळींत लिहून घेतलं. त्या ओळींत निर्दोष हा शब्द नव्हता. तो यायला त्यांना जिवंत राहावं लागलं असतं, आणि कदाचित तरीही आला नसता. मालकाला पुढची तारीख मिळाली.

माधवराव प्रत्येक तारखेला किनवटहून यायचे, त्या दिवशीही आले होते. कोर्टातलं बोलणं त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं. व्हरांड्यात त्यांनी मला थांबवलं.

“मॅडमचं नाव घेतलं ना आत? काय झालं?” त्यांनी विचारलं. “सुटल्या का?”

त्या गेल्याचं त्यांना कुणी कळवलेलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मलाही ते सांगवेना.

“हाव,” मी म्हणालो. “सुटल्या.”