ओटीवरची कादंबरी

रत्नागिरीत तेव्हा कॉलेज नव्हतं. मुंबई-पुण्याला शिकणारी मुलं मे महिन्यात घरी येत आणि मी, इथल्या हायस्कुलातला मराठीचा मास्तर, त्यांना आमच्या ओटीवर परीक्षेची पुस्तकं शिकवत असे. त्या वर्षी नेमलेली कादंबरी होती एका केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेची. तिचा गलबत चालवणाऱ्या, खालच्या जातीच्या एका तांडेलावर जीव जडतो, तिला दिवस जातात. मोठ्याने वाचताना रस्त्याने कोणी गेलं की मी आवाज उतरवत असे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्यामागे जन्मापासून आहे.

त्यात मुलांपैकी एक महाराचा. बाकीच्यांनी सरकून त्याला ओटीवरच जागा दिली, मीही उठवला नाही. गावात बोभाटा झाला. वडिलांच्या श्राद्धाला भटजींनी यायचं नाकारलं. मग एका संध्याकाळी वाचन चालू असताना शाळेचे चिटणीस स्वतः आले. ते ओटीवर चढले नाहीत, खाली अंगणात, खळ्यात उभ्यानेच बोलले.

"मास्तर, असलं पुस्तक आणि असली पंगत. शाळा उघडेल तेव्हा तुमची खुर्ची असेल की नाही, सांगवत नाही."

ते गेले. उरलेलं घरी वाचा, असं मुलांना सांगून मी पुस्तक मिटलं.

मुलं उठण्याआधीच माजघराचं दार वाजलं. माझी धाकटी बहीण उंबऱ्यात उभी होती. नवरा नीट बघण्याआधीच विधवा झालेली, लाल आलवणातली. परक्या पुरुषांसमोर ती कधी येत नसे.

"दादा, मी रोज दाराआडून ऐकत्ये. त्या बाईचं पुढे काय झालं?"

चिटणीसांची भीती मी विसरलोच. शेवटच्या पानावर ती बाई विहिरीत उडी घेते. आमची विहीर स्वयंपाकघराच्या मागेच होती.

मी पुस्तक उघडलं आणि त्यात नव्हतं ते वाचू लागलो. तांडेल पहाटे तिला किनाऱ्यावरून छोट्या पडावात घेतो, बोटीवर चढवतो, मुंबईला दोघं संसार मांडतात. तेच पुस्तक प्रत्येक मुलाच्या मांडीवर उघडं होतं. कोणी मान वर केली नाही. महाराच्या मुलाने तर मी थांबलो तिथे शांतपणे पान उलटलं.

वाचून संपलं तशी पदर सारखा करत बहिणीने विचारलं, "मांडवी बंदरातली मुंबईची बोट पावसासाठी बंद कधी होते रे, दादा?"

मी घाबरून तिच्याकडे बघत राहिलो.