पहिल्या घराची सरासरी

तपासून बघायला मी दोन, दोन आणि दोन असे आकडे घातले. उत्तर आलं दोन. मी खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले आणि मनाशी म्हटलं, जमलं बाई!

आज मी आजी आहे. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधते. पण एवढी बावळट मी आजही नाही. तीन सारख्या आकड्यांची सरासरी तेवढीच आली म्हणून हरखून जाणारी ती बाई संख्याशास्त्राची पदवीधर होती, हे लिहितानाही मान खाली जाते. आरशाला विचारावं मी कशी दिसते, त्यानं म्हणावं तुझ्यासारखीच, आणि आपण खूश होऊन पावडर लावावी, तसलं ते तपासणं.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. मी खानापूरकडची, बेळगावात शिकलेली. लग्न होऊन जोयडा तालुक्यात आले, बाजारकुणंगच्याही पुढं. सासर भातशेतीचं. आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. माझ्या आत्ती बोलायला तिखट आणि कामाला वाघीण. त्यांच्याकडे एक तांबडं भात होतं. लांब कुसळाचं, जाड दाण्याचं, पेजेला गोड. त्याला नावबिव काही नव्हतं. आत्तींच्या सासूनं दिलेलं, तिला तिच्या सासूनं. गवताची मुडी बांधून त्यात बी राखायचं, आणि ती मुडी चुलीच्या वर धुरात टांगायची. घरात देव कुठे आहेत हे मला महिनाभरानं नीट कळलं, पण मुडी कुठे आहे आणि तिला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं.

गणेशगुडीच्या रस्त्याला तेव्हा एक छोटं केंद्र निघालं होतं. जुन्या भाताच्या जाती गोळा करायच्या, त्या वेगवेगळ्या घरांच्या शेतात लावून बघायच्या, आणि ज्या दोन जाती चांगल्या उतरतील त्यांचं बी सगळ्या तालुक्याला वाटायचं, असं त्यांचं काम. धारवाडहून आलेले एक सर ते बघत. त्यांना आकडे सांभाळणारं माणूस हवं होतं. मी मिळाले.

सरांनी फ्लॉपीवर आकडेमोडीची एक भाषा आणली होती. तिचं नाव नुसतंच 'आर'. घरी सांगितलं तर आत्ती म्हणाल्या, "आर म्हंजे? बैलाला टोचायची आर व्हय गे?" मी तोंड वाकडं करून "नाही, इंग्लिश अक्षर आहे ते" असं म्हटलं. शिकलेली सून ना मी!

त्या भाषेत फंक्शन लिहायचं असतं. फंक्शन म्हणजे एकदा लिहून ठेवलेली कृती. तिला नाव द्यायचं, आणि ती काय काय घेणार ते कंसात सांगायचं. एरवी तिथं ठरलेल्या जागा असतात. दोन सांगितल्या तर दोनच, तिसरा आला की यंत्र ओरडतं. आमची अडचण अशी होती की, भाताची एक जात चार घरांनी लावलेली, दुसरी सहा घरांनी, कुठं एखाद्याचं पीक वाहून गेलेलं. दर वेळी आकडे कमीजास्त. मग मी पुस्तकात वाचलं, कंसात नुसती तीन टिंबं दिली की कितीही येऊ दे, सगळे आत घेतले जातात. मला तर ते फारच आवडलं. आमच्या घरासारखंच की! जेवायच्या वेळी कितीही माणसं आली तरी कुणाला दारात अडवत नाहीत.

तर मी तीन टिंबांचं फंक्शन लिहिलं. बेरीज करून पाहिली, सगळ्या आकड्यांची बरोबर आली. सगळ्यात मोठा आकडा कुठला विचारलं, बरोबर सांगितला. सरासरीचं कलम लिहून झालं तेवढ्यात दिवे मिणमिणायला लागले. सुपा धरण शेजारी, पण तिथली वीज आमच्या संगणकाकडे मनाला येईल तेव्हा येई. म्हणून घाईनं दोन, दोन, दोन घातलं, आणि पुढचं वर सांगितलंच आहे.

त्या साली आत्तींचं तांबडं भात सहा घरांनी लावलं होतं. त्यातलं एक आमचं. सुगीत मी स्वतः तराजू घेऊन खळ्याखळ्यांवर गेले. केंद्राची जीप आधी रस्त्याकडच्या घरी थांबायची. त्या घरची अक्का चहा द्यायची, बरोबर चकली. मग पुढची घरं पायवाटेनं. म्हणून माझ्या आकड्यांत रस्त्याकडचं घर नेहमी पहिलं. त्या अक्काच्या तांबड्या भाताच्या तुकड्यात, दाणा भरायच्या वेळेला, गव्यांचा कळप रात्रभर लोळून गेला होता. खळ्यावर आलं ते सुपात मावेल एवढं. अक्का हसत म्हणाली, "लिहा बाई, गव्यांनी जेवून उरलेलं." मी तेही लिहिलं. बाकीच्या घरी भात चांगलं उतरलं होतं, तेव्हा एका घरानं असं काय बिघडणार, असं वाटलं.

संगणकावर तांबड्या भाताची सरासरी अगदी तळाला आली. मी चपापले. पण काय केलं? तेच फंक्शन पुन्हा चालवलं. तेच उत्तर पुन्हा आलं. माझ्या लेखी ही झाली पडताळणी. ज्या हातानं तराजू धरला, त्या हातावर माझा विश्वास नव्हता. पडद्यावरच्या आकड्यावर होता.

निकाल संक्रांतीनंतर देवळाच्या ओसरीवर वाचायचा ठरला. आत्तींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं. टांगलेली मुडी उतरवली, धूळ झटकली, आणि डोक्यावर घेऊन देवळात आल्या. बी तिथंच केंद्राच्या हवाली करायचं होतं ना. आपलं भात वाटलं जाणार यात त्यांना शंकाच नव्हती. मला तळ माहीत होता. तरी वाटेत मी तोंड उघडलं नाही. कामाची गुप्तता म्हणे! खरं सांगते, मला सगळ्यांसमोर वाचून दाखवायची हौस होती.

मी वाचलं. एकेक जात, तिची सरासरी. तांबडं भात शेवटी आलं. आत्तींनी बसल्या जागेवरून विचारलं, "माझ्या खळ्यात तूच तोललंस न्हवं गे? भरलं हुतं न्हवं?"

आणि मी, त्या सगळ्या माणसांसमोर, माझ्या सासूला म्हणाले, "आत्ती, असं एका खळ्याचं धरून चालत नाही. सगळ्यांची मिळून सरासरी असते. ते तुम्हाला नाही कळायचं."

हे वाक्य मला शब्दाशब्दानं पाठ आहे. फोडणी देताना आठवलं तर मोहरी जळते.

आत्ती उठल्या. मुडी उचलायला कुणी हात लावायला गेलं तर लावू दिला नाही. स्वतःच डोक्यावर घेतली आणि ज्या वाटेनं आल्या त्या वाटेनं परत गेल्या. मी मागं मागं. मुडीचं ओझं आणतानाही तेवढंच होतं, पण जाताना त्यांची मान आत गेलेली दिसत होती. पाणवठ्यावर बाया आठवडाभर म्हणत होत्या, "सुनेनं सासूला नापास केलं." एकीनं तर मला तोंडावर विचारलं, "काय ओ बाई, घरातलं उणंदुणं मशिनीतनं काढलं व्हय?" मी फणकाऱ्यानं कळशी उचलली. आपण निःपक्षपाती आहोत म्हणून मला अभिमानच वाटत होता. सासूलासुद्धा सोडलं नाही, म्हणून!

मृगात आत्तींनी तांबडं भात पेरलं नाही. केंद्रानं दिलेलं दुसरं पेरलं. बाकीच्यांनीही तेच केलं. केंद्रात तांबड्याचं थोडं बी पडून होतं, ते उंदीर होतील म्हणून मीच काढून टाकायला लावलं.

चतुर्थीच्या तोंडावर सरांचे दोन पाहुणे केंद्र बघायला आले. मी त्यांना माझं फंक्शन दाखवायला बसले. म्हटलं, "कितीही आकडे द्या, कसेही द्या, याला फरक पडत नाही." आणि नेमकं तांबड्या भाताचंच उदाहरण घेतलं. सहा घरं नेहमीच्या क्रमानं घातली, तळातली सरासरी आली. मग ऐट दाखवायला तीच उलट्या क्रमानं घातली. सरासरी दुपटीच्याही वर गेली.

पाहुण्यांना वाटलं हेच दाखवायचं होतं. त्यांनी माना डोलावल्या. सरांनी मात्र चष्मा काढला.

"हे काय?"

"क्रम बदलला, सर."

"क्रम बदलला म्हणून सरासरी बदलते?"

पाहुण्यांना चहाला पाठवून सर शेजारी बसले, आणि दोघांनी पुस्तक उलगडलं. चूक अशी होती. बेरीज करणारी कृती सुटे आकडे घेते, मोठा आकडा शोधणारीही घेते. सरासरीवाली मात्र एकच वस्तू घेते. सगळे आकडे आधी एका टोपलीत भरून ती टोपली तिच्या हाती द्यावी लागते. मी टोपली केलीच नव्हती. मग तिनं पहिला आकडा घेतला, त्या एकट्याची सरासरी काढली, आणि मागून आलेले आकडे म्हणजे काम कसं करायचं याच्या सूचना असतील असं समजून बाजूला केले. तक्रार केली नाही, ओरडली नाही. माझ्या तीन टिंबांनी सगळ्यांना आत घेतलं होतं खरं, पण वाढलं एकट्या पहिल्यालाच. म्हणजे देवळात मी जी "सगळ्यांची सरासरी" वाचली, ती गवे लोळलेलं एकच खळं होतं. असं एका खळ्याचं धरून चालत नाही, हे मीच ठणकावून सांगितलं होतं.

दुरुस्ती एका अक्षराची आणि एका कंसाची. ती केली. गव्यांचं नुकसान धरूनही तांबडं भात दुसरं आलं.

सर म्हणाले, "मग वाटायला हवं होतं की. बी आहे ना घरी?"

मी हो म्हणाले. मुडी घरी गेलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. पण परत येताना बसमध्ये आठवलं, चुलीच्या वरचा खिळा कितीतरी दिवस मोकळा होता. मी त्याला शिंकं अडकवत होते.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. बी मिळालं. चार घरं फिरले, दर दारात उभं राहून माझा मूर्खपणा पहिल्यापासून सांगितला, आणि तिसऱ्या दारापर्यंत सगळीकडे ऐकलं की खाऊन संपलं. शेवटच्या घरच्या म्हातारीनं मात्र पाणथळ कोपऱ्यात एक वाफा लावला होता. निकालाच्या दिवशी ती तापानं फणफणली होती, देवळात आलीच नव्हती. त्यामुळे आपलं भात नापास झालंय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या एका वाफ्यावर ते भात आज आमच्या तालुक्यात टिकून आहे. माझ्या शिक्षणावर नव्हे, तिच्या तापावर.

पण त्या दिवशी संध्याकाळी हे काही ठाऊक नव्हतं. आत्ती मागच्या अंगणात काकडीच्या वेलाला काठ्या बांधत होत्या. मी बसची पिशवी हातात तशीच धरून उभी राहिले आणि सांगितलं. टोपलीचं सांगितलं, पंगतीचं उदाहरण दिलं. त्या काठी बांधतच राहिल्या.

"म्हंजे माझं खळं तू धरलंसच न्हाई?"

"नाही, आत्ती."

"बाकीच्यांचं?"

"तेही नाही. फक्त रस्त्याकडच्या अक्काचं."

"गवा लोळला त्ये?"

"हो."

त्यांनी सुंभाची गाठ ओढून घट्ट केली. मी म्हटलं, देवळात सगळ्यांसमोर तुम्हाला जे बोलले ते सगळ्यांसमोरच परत घेते. त्यांनी पुढची काठी उचलली. मग मी विचारलं, "आत्ती, मुडीतलं बी कुठे आहे?"

आता त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे, रागाचं मी काहीतरी केलं असतं. दिवसभर उन्हात राबून आलेल्या माणसाकडं बघावं तसं बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत, आणि म्हणाल्या,

"बी तुझ्या पोटात हाय. पावसाभर कशाची पेज ओरपलीस, गोड हाय गोड हाय म्हणून? आता सकाळी ऊठ नि घरं हिंड, कुणाकडं मूठभर ऱ्हायलं असंल तर माग. आणि ऐक गे, पहिल्या घरात च्या पिऊन परत येऊ नगो."