बाराची खिडकी

कचेरीत फायली साचतात, तसे किस्सेही साचतात. फायलींना वाळवी लागते, किश्श्यांना मीठमसाला!

दुष्काळात टँकरचं टेबल आमच्या अव्वल कारकून गायकवाड साहेबांकडं होतं. नांदेडच्या डॉक्टरनं त्यांना बजावलं, "तीन महिन्यांत वजन अन् साखर उतरवा, नाहीतर इन्सुलिन सुरू." साहेब सुईला इतके भितात की लसीकरणाच्या ड्युटीवरही डोळे मिटून बसतात! डॉक्टरला विचारून त्यांनी सोळा तासांचं फास्टिंग धरलं. दुपारी बारा ते रात्री आठ, त्यात दोनदा जेवण.

शिपाई मारुतीला म्हणाले, "जेवायची खिडकी बाराला उघडते. तोवर काही आणू नको." मारुतीनं अर्धंच ऐकलं अन् बाहेर खडूनं लिहिलं, "साहेबांची खिडकी १२ वाजता उघडेल." टँकरचे अर्ज घेऊन आठ गावं खिडकीखाली! साहेबांनी बाराला डबा उघडला अन् बाहेरून एकच ठोकाठोक सुरू झाली.

शेजारच्या देशमुख बाबूंनीही फास्टिंग धरलं. त्यांची खिडकी सकाळी आठ ते रात्री अकरा.

साहेबांनी विचारलं, "अहो, मग उपाशी कधी?"

"झोपेत!"

अर्ज घेऊन आलेल्या एका म्हातारीला साहेबांनी वजन कसं घटतं ते समजावलं. ती म्हणाली, "दोन टायमाच्या वर आमाला कधी भेटलंच न्हाई बाबा. आमी लई शिकलेले निघालो की!" साहेबांनी तिचा अर्ज सगळ्यात वर ठेवला.

तेवढ्यात नव्या जिल्ह्यासाठी कचेरीसमोर साखळी उपोषण बसलं. रोज नवा माणूस, दिवसभर उपाशी. शेवटच्या दिवशी तहसीलदार दौऱ्यावर, म्हणून लिंबूपाणी पाजून उपोषण सोडवायला गायकवाड साहेब गेले. पुढारी म्हणाले, "साहेब, पहिला घोट तुमचा!"

साहेबांनी घड्याळ बघितलं. पावणेबारा. तीन महिने संपायला चारच दिवस उरलेले. हात जोडून म्हणाले, "माफ करा, बारापर्यंत माझं उपोषण हाय!"

मंडप दणाणला. "गायकवाड साहेब आगे बढो!" दुसऱ्या दिवशी पेपरात हारासकट फोटो.

आठवड्याभरात नोटीस आली: "शासकीय सेवेत असताना आपण उपोषण केले किंवा कसे? केले असल्यास मागणी काय होती व ती मान्य झाली काय? खुलासा सादर करावा."

साहेबांनी रक्ताचा नवा रिपोर्ट जोडला अन् खाली लिहिलं:

"उपोषण केले. मागणी: सुई नको. मान्य झाली."