बाराव्या दिवसासाठी राखलेलं नाव

फोन आला तेव्हा मी देवासच्या घरी मेथी निवडत बसले होते. मार्थाचा भाचा सुधीर धारहून बोलत होता. "मौसी, आत्या गेली... सुबहच," एवढंच म्हणाला. मेथीची जुडी तशीच टाकून मी बस पकडली. त्याला आता सव्वा महिना झाला. मार्थाबद्दल लिहायला बसले की दरवेळी माझ्याच एका चुकीपाशी येऊन अडते, म्हणून ती चूक आज सांगूनच टाकते.

चाळीसेक वर्षांपूर्वी देवासमध्ये टेकरीखाली एकाच आवारात आमची दोन बिऱ्हाडं समोरासमोर होती. ती सरकारी दवाखान्यात नर्स, मी शाळेत नवी नवी मास्तरीण. तिचे आजोबा नगरकडून आलेले मराठी ख्रिस्ती, माझे पणजोबा संस्थानच्या नोकरीत आलेले. नाताळात ती करंज्या करायची आणि दिवाळीत माझ्या चकल्यांना नावं ठेवायची. "मालू, तुझ्या चकलीत दम नाही गं," म्हणायची आणि चार चकल्या जास्तीच्या घेऊन जायची. तिचे यजमान शमुवेलभाऊजी एकुलते एक, बहीण नाही. त्यामुळे लग्नाला सात वर्षं झाल्यावर मार्थाला मुलगी झाली, तेव्हा आत्याचा मान आपोआप माझ्याकडे आला. मी तो मोठ्या तोऱ्यात घेतला, हेही कबूल करते.

मुलगी फार नाजूक होती. तिसऱ्याच दिवशी त्यांच्या चर्चचे पाळक घरी आले. वृद्ध गृहस्थ, मोजून मापून बोलणारे. म्हणाले, "मूल अशक्त आहे, आजच बाप्तिस्मा देऊन टाकू. नाव काय ठेवलंय?" शमुवेलभाऊजींनी पाण्यासाठी पितळेची नवी वाटीसुद्धा आणून ठेवली होती. पण नाव होतं माझ्याजवळ. आमच्याकडे बारशाला आत्या पाळण्यातल्या बाळाच्या कानात पहिल्यांदा नाव सांगते, त्याआधी ते आईलाही कळू द्यायचं नाही. मार्थाच्या घरातही बारसं तसंच व्हायचं. मी पाळकांना म्हटलं, "साहेब, बारशाआधी नाव निघायचं नाही. नऊ दिवस थांबा, मग खुशाल पाणी घाला." मार्था खाटेवरून हसली. "आत्याबाई म्हणतात तर थांबू या," म्हणाली. पाळक जरा घुटमळले आणि निघून गेले. मी बाळासाठी पांढरं झबलं शिवायला घेतलं.

दहाव्या दिवशी सकाळी बाळ गेलं. झोपेतच... मार्थाला कळलं तेव्हा अंग अजून कोमट होतं.

माझ्या लेखी एक मूल गेलं होतं आणि मैत्रिणीचा संसार रिता झाला होता. त्याहून अधिक काही झालंय हे मला ठाऊकच नव्हतं. मूठमाती देऊन आल्यावर मार्थानं पाळकांना विचारलं, "तिचं तारण झालं असेल ना? देवानं जवळ घेतलं असेल ना तिला?" ते दुष्ट नव्हते, पण खोटा धीर देणारेही नव्हते. म्हणाले, "बाई, तारणासाठी बाप्तिस्मा नेमून दिलाय. त्याच्याबाहेरचं मी कसं सांगू?" मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. ते नऊ दिवस मी कशाच्या बदल्यात मागून घेतले होते, ते मला त्या दारात कळलं. कप ठेवले आणि घरी पळून आले.

मार्थाला पुढे मूल झालं नाही. तिची धारला बदली झाली, भाऊजी गेले, ती तिथेच राहिली. मी सुट्टीत जायची. एका वर्षी तिकडच्या तरुण पाळकांनी तिला समजावलं होतं की तान्ह्या लेकराला देव पाण्यावाचून परत पाठवणार नाही. हिनं त्यांनाच उलट विचारलं, "मग बाकीच्यांना आपण पाणी घालतो कशाला?" ते म्हणाले, "देवानं आपलं म्हटलंय, हे आपल्याला कळावं म्हणून." हे उत्तर तिला आवडलं, पण पुरलं नाही. मला म्हणाली, "एक म्हणतो पाहिजेच, दुसरा म्हणतो नसलं तरी चालेल. ज्याच्या हातात आहे तो काही बोलत नाही." मी पटकन म्हणून गेले, "तुझा देव इतका नियमावर बोट ठेवणारा आहे का गं?" ती एकदम चिडली. "तू सोपं नको करूस, मालू. सोपं असतं तर मी झोपले नसते का इतकी वर्षं?" मला मात्र तिनं कधी एका शब्दानं बोल लावला नाही. मीही कधी विषय काढला नाही. भित्री होते, दुसरं काय!

गेल्या थंडीत धारला गेले तेव्हा ती दुपारच्या उन्हात खाट टाकून पडली होती. मनगटं काडीसारखी झालेली. मी शेवटी बोलले. "मार्था, थांबा म्हणणारी मी होते."

"तू म्हणालीस. पण थांबले तर मी ना?" ती म्हणाली. "मला बारसं पाहिजे होतं. सात वर्षांनी पाळणा हलणार होता... तू इतकी वर्षं हे घेऊन फिरतेस? पागल आहेस." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय ठरवलं होतंस गं नाव?"

मी तिच्या अंगावरची चादर सारखी करू लागले.

"सांग ना. बाप्तिस्म्याचं काय ते तो बघेल. पण तिथं गेल्यावर मी तिला हाक काय मारू?"

मी खाली वाकले, पाळण्यावर वाकतात तशी, आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगितलं. तिनं डोळे मिटून ते दोनदा पुटपुटलं. "जुन्या वळणाचं आहे," म्हणाली. "पण छान आहे." आणि मग आम्ही दोघी म्हाताऱ्या मनसोक्त रडलो.

अंत्यविधीनंतर सुधीरनं एक पुडकं माझ्या हातात दिलं. "आत्यानं सांगितलं होतं, मौसीलाच द्यायचं." मी शिवलेल्या, आता पिवळट पडलेल्या झबल्यात गुंडाळलेली ती पितळेची वाटी होती. काळी पडलेली, पण पाण्याचा थेंबही कधी न लागलेली. मी ती चिंचेनं घासून लख्ख केली. आता रोज सकाळी तिच्यात पाणी भरून खिडकीत ठेवते आणि ते नाव मोठ्यानं घेते. हा बाप्तिस्मा नव्हे, हे मला कळतं. तो देण्याचा मला अधिकार नाही, आणि मार्था असती तर म्हणाली असती, सोपं नको करूस. तरी ठेवते. नऊ दिवस थांबा म्हणणारी मीच होते. आता उठल्या उठल्या, चहाचं आधणही ठेवायच्या आधी, वाटी भरते.