पाचवीचा फोटो

बाईजा मावशीचं नाव काढलं की आमच्या सासूबाईंच्या कपाळाला अजून आठी पडते. त्याला कारण आहे. माझा रत्नदीप झाला ते साल अठ्ठ्याण्णव. शेणव्यात वेळेवर गाडी मिळणं म्हणजे नशिबाची गोष्ट, नि मला कळा सुटल्या भरदुपारी. नवरा महेंद्र कल्याणला कामावर. सासूबाईंनी, म्हणजे सोनूबाईंनी, डोळखांबच्या अंगाच्या एका पाड्यावरून बाईजा सुईणीला बोलावून आणलं. बाई आली, हात धुतले, आणि सांज व्हायच्या आत मला मोकळी केली. सासूबाई हरखून आत यायला निघाल्या तर हिनं पोराचं तोंड फडक्यानं झाकून टाकलं.

"पाचवी झाल्याबिगर कोनी तोंड बघायचं नाय."

सासूबाई भडकल्या. "आमी बौद्ध हाव. आमच्यात सटवाई नाय नि पाचवी पन नाय."

"तुमच्यात नसंल. माझ्या हाताला हाय," बाईजा म्हणाली.

पाचव्या दिवशी सटवाई येते, बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, आणि तोवर आई नि सुईण सोडून कुणाची नजर त्या तोंडावर पडू नये, हा तिचा नेम. तिच्या हातावर झालेलं एकही मूल दगावलं नव्हतं, हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक. त्यापुढे सासूबाई काय बोलणार? नातवासाठी त्या पाच दिवस उंबऱ्याबाहेर बसून राहिल्या. मला तर हसूही यायचं नि कीवही यायची.

बाईजाचा नवरा नामा लवकर गेला. उतारावर थोडी नाचणी, खाली भाताचा तुकडा, एवढ्यावर तिनं किशोर आणि दामिनी ही दोन पोरं वाढवली. बाळंतपणाचं कुणी लुगडं दिलं तर घ्यायची, कुणी नुसता नारळ दिला तरी घ्यायची. तोंडाची फटकळ, पण हात कापसासारखा. दामिनी लहानपणापासून गरम पाण्याचं भांडं धरून तिच्यामागे असायची. आईचे सगळे नेम त्या पोरीला पाठ.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात दामिनी नवऱ्याबरोबर, गणूबरोबर, पार वापीच्या पुढे वीटभट्टीवर गेली. पोटुशी होती. पहिलटकरणीनं बाळंतपणाला आईकडे यायचं, तसं ठरलंही होतं. पण दिवस भरायच्या आधीच तिथल्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. हजारो बायकांना धीर देणारी आई इकडे, नि लेक परमुलखात.

मी तेव्हा शेणव्याच्या नाक्यावर मोबाइलचं दुकान टाकलं होतं. रिचार्ज, कव्हर, चार्जर, असलं. शहापूरच्या बाजारात एका दुकानात बसून थोडंफार शिकले होते, बाकीचं लोकांच्या फोनवर शिकले. एके सकाळी बाईजा आणि किशोर दुकानात आले. बाईजाच्या हातात रुमालात बांधलेला फोन. तिचा चेहरा बघूनच मी स्टूल पुढे केलं.

"दामिनीची पोर गेली, गो," ती म्हणाली. "कावीळ झालती. तिकडंच पुरली. मला तिचं तोंड बघायचंय. ह्या फोनात हाय, तेवढं काढून दे."

मला आधी कळेचना. मग किशोरनं सांगितलं. पोर झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी भट्टीच्या मुकादमानं आपल्या फोनवरून फोटो पाठवला होता. पाड्यावर रेंज नाय. टेकडीवर आंब्याखाली उभं राहिलं तर येते, तिथंच किशोरला मेसेज मिळाला. तो धावत घरी गेला. बाईजानं हात पुढे केला नि मागे घेतला. म्हणाली, पाचवी होऊ दे. फोन फडक्यात बांधून फळीवर ठेवला. पाचवीला पाटावरवंटा मांडला, दिवा लावला, शेजारी फोन ठेवला, नातीच्या नावानं हात जोडले. दुसऱ्या दिवशी फोटो उघडायचा म्हणून किशोर टेकडीवर गेला, तर फोटोच्या आधी गणूचा फोन आला. पोर गेल्याचा. सुतक संपेपर्यंत फोनला कुणी हात लावला नाय. त्यानंतर किशोरनं बटण दाबून दाबून पाहिलं, फोटो काही येईना.

मी फोन हातात घेतला. फोटोचा मेसेज उतरायला वेगळ्या सेटिंग लागतात, त्या ह्यात नव्हत्याच. कंपनीला फोन लावून त्या मागवल्या, बसवल्या, फोन बंद करून चालू केला. नाय आला. आत जागा होती कुठे? सगळी गाणी भरलेली. किशोरनं स्वतःच ती भराभरा पुसली. तरी नाय. रेंज कमी म्हणून मी फोन घेऊन गच्चीवर गेले. बाईजा गुडघे धरत माझ्यामागे जिना चढली. मी बटण दाबलं की ती डोळ्यांची पापणी लववायची नाय.

शेवटी मेसेजची तारीख पाहिली, तेव्हा उलगडा झाला.

"मावशी, फोटो ह्या फोनात नायच," मी म्हटलं. "रेशनचा तांदूळ आला असा सांगावा येतो ना, तसा हा नुसता सांगावा आहे. तांदूळ दुकानात. आपण आणायला गेलो नाय. ठरावीक दिवस वाट बघून कंपनी तो पुसून टाकते. आता आडातच नाय, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"मी तर जपून ठेवला व्हता," ती म्हणाली. "कोनाची नजर पन पडू दिली नाय."

मला राग आला. तिच्या नेमाचा आला, कंपनीचा आला, नि त्या टेकडीवरच्या रेंजचाही आला. पण ती पदर तोंडात धरून बसली होती, तिच्यावर कोण रागावणार? मी किशोरकडून मुकादमाचा नंबर घेऊन माझ्या फोनवरून लावला. मंगळू त्याचं नाव. त्याला म्हटलं, तो फोटो तुझ्या फोनात असेल तर परत पाठव.

"अहो, भट्टी पेटलीये, मला टाइम नाय," तो म्हणाला.

"इथं एक आजी बसलीये," मी म्हटलं. "तिची नात मातीत गेलीये. तुला टाइम कसा नाय? फोन हातात घे, मी सांगते ती बटणं दाब." माझा आवाज ऐकून खालच्या चहावाल्यानं मान वर केली.

मंगळू नरमला. बटणं दाबता दाबता म्हणाला, "पाठवतो बाई. पन तो फोटू काय कामाचा? मी तेव्हाच दामिनीला बोललो, पोरीचं तोंड उघड जरा. ऐकलीच नाय. बोलली, पाचवी नाय झाली, आई ओरडंल."

मी बाईजाकडे पाहिलं. तेवढ्यात किशोरचा फोन वाजला, पट्टी हळूहळू भरत गेली आणि फोटो उघडला.

दवाखान्याची खाट. दामिनी दमलेली, पण हसणारी. मांडीवर बाळाचं गाठोडं, नि त्याच्या तोंडावर तिनं आपल्या पदराचं टोक नीट ओढून घेतलेलं. फडक्यातून एक मूठ तेवढी बाहेर आलेली.

फोन मी बाईजाच्या हातात दिला. दुसरं काय करणार होते? तिनं तो लांब धरला, जवळ धरला. मग त्या पदरावर अंगठा घासायला लागली, सारखा घासत राहिली. काच ती, तिच्यावरून पदर कसला सरकतोय? किशोर म्हणाला, "आये, नाय व्हत तसं."

"माझ्या पोरीनं माझं आयकलं," बाईजा म्हणाली. मी रडले, मला लाज नाय वाटली.

त्यानंतर बाईजानं बाळंतपणं सोडली. दामिनी पावसाच्या आधी घरी आली, दोघी मायलेकी शेतावर राबायच्या, नि संध्याकाळी म्हणे आई लेकीला विचारायची, नाक कसं व्हतं, केस व्हते का. दामिनी सांगायची.

वर्षभरानं माझी नणंद दीप्ती आमच्याकडे बाळंतपणाला आली. तारखेला अवकाश होता, पण कळा अचानक सुटल्या. गाडी शहापूरहून निघाली होती, ती येईतो पोर थांबणार नव्हतं. मी स्वतः बाईजाकडे माणूस धाडला. ती येईल असं वाटलं नव्हतं. आली. मागे दामिनी, हातात गरम पाण्याचं भांडं.

मुलगी झाली. रडली खणखणीत. सासूबाई जुन्या सवयीनं उंबऱ्याबाहेरच बसून होत्या, आत डोकावल्यासुद्धा नाहीत. बाईजानं बाळ पुसलं, फडक्यात घेतलं आणि तशीच उठून दारात गेली.

"गो सोनूबाई, इकडं बघ."

"पाचवी व्हायचीये ना अजून?" सासूबाई म्हणाल्या.

बाईजानं बाळाच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं.

"व्हईल तवा व्हईल," ती म्हणाली. "तू आत्ता बघून घे."