वना मिस्तरीनं बांधलेली दोन चाकं

"आबा, तुमनी गाडीले बैल दोन शेतस, पन जू एकनाच मानवर ठेयेल शे. तोबी जो आळशी शे, त्यानाच."

वना मिस्तरी पिकअपखाली उताणा पडून बोलत होता. बाहेर नुसते त्याचे पाय दिसत होते. भाईदास आबांनी त्या पायांकडे बघूनच विचारलं, "मंग मी काय करू? गाडीले पराणी मारू?"

"तुम्ही काहीच करू नका. मी करस."

गोष्ट एक्क्याण्णव-ब्याण्णवची, चोपड्याची. आबांच्या केळीच्या बागा सातपुड्याच्या पायथ्याकडे. जमीन काळी, विहिरींना पाणी भरपूर, आणि बागेत पाणी भरलं की वाटेचा नुसता लगदा. दिल्लीकडे जाणारी मोठी ट्रक डांबरी सडक सोडून खाली उतरत नाही. कापलेले घड बागेतून सडकेपर्यंत आणायचं काम या पिकअपचं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत केळी आदळून काळी पडतात, म्हणून आबांनी हौसेनं पिकअप घेतली आणि पिकअप दर कापणीला गाऱ्यात बसायला लागली. मागचं एक चाक गाऱ्यात गरागरा फिरायचं. दुसरं, कोरड्यावरचं, जेवून बसलेल्या व्याह्यासारखं निवांत. मग तिला ओढायला शेवटी ट्रॅक्टरच.

"फिरनारा चाकलेच जोर का बरं जास?" आबा म्हणाले.

वना सरपटत बाहेर आला. हात पायजम्याला पुसले. पायजमा हातांपेक्षा काळा होता.

"खळावर मळनीले पात हाकेल शे ना तुम्ही? मधली मेढजोडेना बैल जागावर फिरस, कडाना बैल पयस. दोन्ही सारखा चालनात ते पात फिराव नही. गाडीनं तसंच शे. वयनवर बाहेरना चाकले जास्ती चालनं पडस. म्हनीसन मधमा हाऊ डिफरन्सल ठेयेल शे, ज्याले जितलं चालनं तितलं चालू द्याले. सडकवर बेस शे ते. पन गारामा, ज्या चाकले काहीच वझं नही, तेच बठ्ठा जोर खाई जास."

"मंग?"

"मंग गारामा तेवढं दोन्ही चाकेसले बांधी टाकनं. सडक उनी का सोडी देनं. ट्रॅक्टरले लॉक र्‍हास ना, तेच. तुमनी पिकअपले मी बसाडी देस."

"आपला आठे कोनी बसाडेल शे?"

"नही. म्हनीसन ते माले बसाडनं शे."

वना मूळचा धुळ्याकडचा. बापाची कोरडवाहू जमीन भावांच्या हवाली करून तो ऑइल इंजिनांच्या मागे लागला. विहिरीत उतरून पंप काढता काढता ट्रॅक्टर खोलायला शिकला. एकदा चोपड्याला कुणाच्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स उघडायला आला, तो इथंच राहिला. बायको भिकुबाई, दोन म्हशी आणि शिरपूर रस्त्यावर पत्र्याचं वर्कशॉप, एवढा संसार. बोली मात्र तिकडचीच ठेवली. समोर कलेक्टर उभा राहिला असता तरी वनानं 'शे'चं 'आहे' केलं नसतं. आणि 'बघू', 'जमलं तर' असले शब्द त्याच्याकडे नव्हतेच. काम हातात धरलं की 'व्हई', नाही धरलं की 'दुसराकडे जाय'.

आबा मात्र सावध माणूस. चोपड्यात कुणी बागवाला नवी गाडी घेणार असला, नवी मोटर बसवणार असला, तर आधी आबांना विचारायचा.

"देख वना," आबा म्हणाले, "तू कर. पन गाडी अडकनी, मोडनी, ते ते लॉक मी काढाले लाईसू. आनि मार्केटमा बठ्ठासले सांगसू का वनाना हातमा आते काही र्‍हायनं नही."

"सांगा ना. पन चालनं, ते तेबी सांगा."

भंगारात निघालेल्या ट्रॅक्टरमधून वनानं लॉकचं दातेरी कडं काढलं. धुळ्याला ओळखीच्या लेथवर बसून त्याचे दात पिकअपच्या मापात करून घेतले. घासून घासून बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत लेथवाल्याचं डोकं खाल्लं. ड्रायव्हरच्या आणि शेजारच्या सीटच्या मधे गुडघ्याएवढा लोखंडी दांडा उभा केला. दांडा खाली ओढला की कडं सरकून दातात दात बसणार, दोन्ही चाकं एक. वर केला की मोकळी. दांड्याला वरून छान बाक दिला, हाताला धरायला बरा म्हणून. भिकुबाई चहा घेऊन आली, बघून म्हणाली, "इतलं नखरानं ते पोरगीनं पाळनंबी कोनी बनाडत नही."

कापणीच्या दिवशी वना स्वतः बागेत गेला. आदल्याच दिवशी पाणी भरलेलं. पिकअप घडांनी भरली, वळून निघाली आणि नेहमीच्या जागी बसली. डावं चाक चिखल उडवायला लागलं. सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेली कापणीची टोळी हसायला लागली. टोळीची मुकादम सुगंधाबाई ओरडली, "मिस्तरी, तुनं लॉक उघडनं वाटस!"

ड्रायव्हर रुपसिंग, तोही पाड्यावरचाच, वनाकडे बघायला लागला.

"थांबाड. दांडा खाले वढ. आते हयू हयू ने," वना म्हणाला.

कुठंतरी आतून खट्ट आवाज आला. दोन्ही चाकांनी सारखा गारा चावला आणि पिकअप डबक्यातून म्हैस उठावी तशी उठली, अंग झटकत वर आली. टोळीचं हसू थांबलं. वनानं वळून पाहिलंसुद्धा नाही. बांधावर बसून त्यानं बिडी पेटवली.

दोन कापण्या नीट गेल्या. आबांनी अजून मार्केटात तोंड उघडलं नव्हतं, पण ट्रॅक्टर मागवणं बंद केलं होतं.

तिसऱ्या कापणीला दुपारीच निरोप आला. पिकअप सडकेला वळताना वळलीच नाही. टायर किंचाळले, गाडी सरळ जाऊन समोरच्या बाभळीच्या कुंपणात शिरली. माणसं शाबूत आहेत, केळी शाबूत आहेत. लॉक आजच्या आज काढायला ये.

वना मोटरसायकल घेऊन पोचला तेव्हा आबा रस्त्यातच उभे होते. ट्रकवाला पलीकडून हॉर्न देत होता. वना कुणाशी न बोलता केबिनमध्ये डोकावला. दांडा खाली. तो थेट रुपसिंगवर गेला.

"सडकवर येवानं पहिले सोडी दे, हाई तुले कितला डाव सांगं रे भो? कान शेतस का केयाना पाना?"

"मी सोडेल व्हता," रुपसिंग म्हणाला. "बागमाच सोडेल व्हता."

"मंग दांडा आपलाच आपला खाले बसना? त्यानं कंबरडं दुखत व्हतं?"

टोळीतले दोघे-तिघे हसले. रुपसिंग हसला नाही. "मिस्तरी, मी गाडी बारा गाव हाकेल शे. करेल काम मी नही करेल म्हनत नही. मी सोडेल व्हता."

त्याचा आवाज वनाला ओळखीचा वाटला. स्वतःचं काम बरोबर असताना तो स्वतः असाच बोलायचा. वनानं दांडा वर केला. हातानं हलवला, लाथ मारली. दांडा जागच्या जागी. गाडी कुंपणातून मागे घेतली, बागेतल्या वाटेवर खड्ड्याखड्ड्यातून हाकून पाहिली. दांडा तसाच वर.

"झाया ना खेळ?" आबा म्हणाले. "आते काढ. माले बाभूळ कापानी मशीन नको व्हती."

"काढस. पहिले बठ्ठा जसा बशेल व्हतात तसा बसा."

"आते काय फोटू काढनं शे?" सुगंधाबाई म्हणाली.

"बस वं माय, बस."

रुपसिंग बसला. पोरं मागे घडांवर चढली. सुगंधाबाई मुकादम, तिची जागा पुढे. ती वर चढली, लुगडं सावरलं, पायाशी केळीच्या चिकाचे डाग नको म्हणून आपली भलीमोठी पिशवी उचलली. पिशवीत भाकरीचा डबा, पाण्याची किटली, कोयता, आणि घरी न्यायला एक फणी केळी. ती तिनं दांड्याच्या त्या छान बाकाला अडकवली आणि हात मांडीवर ठेवून समोर बघत बसली.

वना दाराशी उभा राहून बघत होता.

"रुपसिंग, ने जरा."

गाडी एका खड्ड्यातून गेली, दुसऱ्यातून गेली. पिशवी उसळली, आपटली. तिसऱ्या खड्ड्याला दांडा पिशवीसकट खाली आला. खट्ट. वाट सडकेपर्यंत सरळ, त्यामुळे रुपसिंगला काही कळायचं कारणच नव्हतं. आणि गाडी कुंपणात शिरल्यावर बाईनं पिशवी काढून घेतली, मागे नुसता पडलेला दांडा राहिला.

"बाई," वना म्हणाला, "तठे काय टांगं तुनी?"

"पिशवी. मंग कोठे टांगू? खुंटी शे ना."

"ती खुंटी नही!"

"मंग खुंटीनंगत काब्र बनाडी?"

यावर आबासुद्धा हसले. टोळी तर घडांवर लोळायला लागली. वना तेवढा हसला नाही. त्यानं दांड्याच्या बाकावरून बोट फिरवलं. इतक्या मन लावून दिलेला बाक, पिशवीच्या बंदाच्या बरोब्बर मापाचा निघाला होता.

"रुपसिंग, तू बराबर व्हता," तो म्हणाला. "बाईबी बराबर शे. मी गाडीमा लोखंड देखं, बसनारं माणूस नही देखं."

"मी सांगस तिले, आठे हात लावू नको म्हनीसन," रुपसिंग म्हणाला.

"आज तिले सांगशी. सकाय दुसरी ई. पाट्या लाईसन गाडी चालत नही."

आबांचं हसू सरलं होतं. "हसनं वेगळं, वना. मनी गाडी कुंपणमा गयी. काढ ते."

"दांडा काढस. लॉक नही काढत."

"आपलं बोलनं काय व्हयनं व्हतं?"

"लॉक मोडनं ते काढा, असं व्हयनं व्हतं. मोडनं का? पुढली कापनीलगून गाडी मनाकडे र्‍हाऊ द्या. तवय नही वळनी, ते तुमना देखता मी सोता काढसू, आनि मार्केटमाबी मीच सांगसू."

आबांनी ट्रककडे पाहिलं, वनाकडे पाहिलं. "ने," म्हणाले.

वनानं दांडा मुळापासून कापला. क्लचच्या मागे, टाचेखाली येईल असा एक पायटा बसवला आणि त्याला जुन्या पेरणीयंत्राची जाड स्प्रिंग लावली. टाच दाबून धरली तोवर लॉक. टाच उचलली की स्प्रिंग कडं मागे ओढणार, ड्रायव्हर विसरला तरी. ट्रॅक्टरवर रोज दिसणारी गोष्ट. ती सोडून मोठ्या ऐटीत दांडा उभा केला, म्हणून त्यानं काम करता करता स्वतःला दोन-चार अशा शिव्या हासडल्या की भिकुबाईनं म्हशी घेऊन गोठ्याचा रस्ता धरला.

पुढच्या कापणीला आबांनी मुद्दाम बागेच्या खालच्या अंगाला, सगळ्यात ओल्या जागी गाडी भरायला लावली. सुगंधाबाई चढली, इकडेतिकडे बघून म्हणाली, "खुंटी कोठे गयी?"

"पिशवी मांडीवर ठेव," रुपसिंग म्हणाला, आणि टाच दाबली.

गाडी गाऱ्यात हलली, थरथरली, दोन्ही चाकांनी वर आली. रुपसिंगनं टाच उचलली. वाटेचे खड्डे गेले. सडक आली. आबा बाभळीच्या मोडक्या कुंपणाशी उभे होते, वना त्यांच्या शेजारी. पिकअप जोर न लावता गुमान डावीकडे वळली आणि ट्रकच्या शेजारी जाऊन लागली. टायरचा आवाजसुद्धा नाही.

आबांनी ट्रकवाल्याला माल चढवायची खूण केली. मग म्हणाले, "मना साला शे ना, जीवराम, त्यानीबी पिकअप शे. धाडू का?"

"धाडा. पन पहिले इचारा, त्याना गाडीमा पुढे कोन बसस आनि हातमा काय र्‍हास."

वनानं मोटरसायकलला लाथ मारली. वर्कशॉपमध्ये कुणाचातरी पंप उघडा पडला होता. तो पोचल्या पोचल्या त्याच्यासमोर उकिडवा बसला, घासलेलं वायसर उजेडाकडे धरून पाहिलं, फेकून दिलं आणि डब्यात दुसरं शोधायला लागला.